उंबऱ्यावरचा भंडारा

बाळकुम, ता. २ एप्रिल १८८३

तीर्थरूप कलाताईस, मामेभाऊ गोविंदाचा प्रभूमध्ये सलाम.

होळीपासून तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, तेव्हा तू रागावली असशीलच. मिठागरातलं काम या दिवसांत पाठ टेकू देत नाही, हे तुला सांगायला नको. तू या गावची सून होतीस. आता कल्याणात मिशनच्या मुलींना शिकवतेस म्हणून पायाच्या भेगेत मीठ गेल्यावर कसं चरचरतं ते विसरली नसशील.

ईस्टरला माझ्या बाप्तिस्म्याला वर्ष झालं. ठाण्याच्या देवळात पाद्रीसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गोविंदा, वर्षभरात किती वाढलास?" काय सांगणार? सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि मिठागरावर पोचेपर्यंत कोणाशी तरी भांडण उकरून काढतो. ताई, माणूस विश्वासात वाढतो म्हणजे नेमकं काय होतं? त्याचं त्याला ते कळतं का? तू वीस वर्षं या वाटेवर आहेस, म्हणून विचारतो.

गावानं मला अजून ठेवून घेतलं आहे, कारण सरकारी कागद वाचणारा दुसरा कोणी नाही. जेवण वेगळं आणि विहिरीचं पाणी वरून. काळुरामदादा सख्खा भाऊ असून बोलत नाही, पण तुळसावहिनी पाणी ओतताना दोन शब्द बोलते. पंधरा दिवसांपूर्वी तिला मुलगा झाला. गावच्या सुइणीनं हलक्या हातानं सोडवली. (त्या घरातलं नाव पत्रात लिहायचं नाही असं तू बजावलं आहेस, म्हणून लिहीत नाही.)

एक वाईट बातमी आहे. पलीकडच्या पाड्यात पटकी लागली, तीन माणसं गेली. दगडू भगत घरोघर फिरतो आहे. ज्याच्या दाराशी तो थांबतो त्या घरात दिवसभर कोणी मोठ्यानं बोलत नाही. काल माझ्याही दाराशी थांबला, हसला आणि पुढे गेला.

तुझा,
गोविंदा

कल्याण, ता. ७ एप्रिल १८८३

चि. गोविंदास, कलाताईचा आशीर्वाद.

वाढ मोजायला तू काय शेवग्याचं झाड आहेस? रोज सकाळी मूळ उपटून बघणाऱ्याचं झाड वाळतं, एवढं लक्षात ठेव. प्रार्थना सोडू नकोस, भांडणं कमी कर. बाकीचं पाणी घालणारा घालील.

पटकीचं वाचून मात्र काळजी वाटली. पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. आणि दुसरं त्याहून मोठं सांगते. आता गाव घाबरेल. देवीपुढे कोंबडी कापतील, जरीमरीचा गाडा शिवेबाहेर ओढतील आणि तुला म्हणतील, नुसता दोरीला हात लाव, तेवढ्यानं काय होतंय. लावू नकोस. आज दोरी, उद्या नारळ, परवा नवस, असं करत करत परत गेलेली माणसं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. ताक फुंकून पिणं बरं. आपण वेगळे काढलेले लोक आहोत, वेगळेच राहावं.

सुइणीचं नाव लिहिलं नाहीस ते बरं केलंस. गुणाजी तापानं गेले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. 'माझा लेक खाल्लास' म्हणून त्या बाईनं मला उलथन्यानं डागलं आणि नेसत्या लुगड्यानिशी दाराबाहेर काढलं. मिशनच्या बाईंनी ठाण्याच्या बंदरावरून उचललं नसतं तर मला खाडीनं उचललं असतं. डाग अजून डाव्या मनगटावर आहे. मी त्या बाईला क्षमा केली आहे, पाद्रीसाहेबांसमोर तसं बोललेही आहे. पण क्षमा केली म्हणून नावही वाचावं, असं काही कुठं सांगितलेलं नाही.

तुळसाच्या बाळाला माझा मुका दे. तिला नको सांगूस माझा म्हणून.

कलावती

बाळकुम, ता. १४ एप्रिल १८८३

तीर्थरूप ताईस सलाम.

मुका द्यायला बाळ राहिलं नाही. मंगळवारी उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर आला तेव्हा गेलं. तुळसावहिनी रडत नाही, नुसती बसून असते. ते बघवत नाही.

संध्याकाळी दगडू भगताच्या अंगात आलं. त्यानं एका म्हातारीकडे बोट दाखवलं. म्हणतो, बाळाचा जीव गेला त्या वेळी, भर दुपारी, ती मसणवटीत बाळाचं दुपटं मांडीवर घेऊन बसली होती. भुताळी आहे, तिनंच खाल्लं. ताई, हे साफ खोटं आहे. त्या दुपारी ती म्हातारी माझ्या झोपडीत होती. चांगली दोन घटका होती. कशाला आली होती ते आता विचारू नकोस, वाईट काही नव्हतं. पण तिला माझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

मी पंचांपुढे जाऊन हे सांगितलं. महिपत पाटलानं बाकीच्या पंचांकडे बघितलं. मग म्हणाला, "नुसता बोलू नको, गोविंदा. उचल आन् बोल. तू उचललास तं म्हातारी सुटली. नाय तं आमचे हातान काय नाय."

आपल्या गावची रीत तुला आठवत असेल. गावदेवीच्या उंबऱ्यावर बेलाचं पान आणि मूठभर हळदीचा भंडारा ठेवतात. तो हातात घेऊन बोललेलं खरं, एरवी बोललेलं वाऱ्यावर गेलं. चैत्री पुनवेपर्यंत मुदत आहे. बावीस तारखेला, रविवारी.

मी दोन्हीकडून बांधला गेलो आहे. उचलला तर देवीला साक्ष ठेवल्यासारखं होईल. पाद्रीसाहेब जव्हारकडे दौऱ्यावर गेले आहेत, ते महिनाअखेरीशिवाय यायचे नाहीत. नाही उचलला तर गाव काय करील ते कोणी उघड बोलत नाही. पण काळुरामदादा दोन दिवस आपल्या होडीला डांबर लावत बसला आहे. मिठाच्या हंगामात होडीचं कसलं काम?

तू माझी वडील आहेस. तू सांगशील तसं करीन. पण लवकर सांग.

गोविंदा

कल्याण, ता. १७ एप्रिल १८८३

चि. गोविंदास आशीर्वाद.

बाळाचं वाचून वाईट वाटलं. देव त्याच्या आईला शांती देवो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. त्या भंडाऱ्याला हात लावू नकोस. आपलं 'हो' ते 'हो' आणि 'नाही' ते 'नाही', त्यापुढे हळद लागत नाही आणि बेलही लागत नाही. पंचांना खरं काय ते सांगितलंस, तुझं काम संपलं. मानायचं नसेल तर पाप त्यांच्या माथी.

मी तुला म्हटलंच होतं, तुला ओढतील. दोरीच्या ऐवजी भंडारा आला, एवढाच फरक. आणि किती सोज्वळ निमित्त शोधलं आहे! सैतान नेहमी दयेचंच सोंग घेऊन येतो. रविवारी सकाळीच ठाण्याला निघून जा. देवळात बस, गा, प्रार्थना कर आणि दिवस मावळेपर्यंत गावाकडे फिरकू नकोस. नाही तर आयत्या वेळी मन पाघळेल.

म्हातारी कोण, कुठली, मी विचारत नाही. तिचा वाली देव आहे. गाव आरडाओरडा करतं आणि शेवटी एखादं कोंबडं कापून गप्प बसतं, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कलावती

बाळकुम, ता. २३ एप्रिल १८८३

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. सकाळी ठाण्याला गेलो, देवळात शेवटच्या बाकावर बसलो, सगळी गीतं म्हटली. सूर्य खाडीला टेकल्यावर परत आलो.

बांधावर माणूस नव्हतं. चैत्री पुनवेला बांधावर माणूस नाही असं मी जन्मात पाहिलेलं नाही. तेवढ्यात दादाची होडी काठाला लागली. दादा, भिवा आणि तानाजी उतरले. तिघंही छातीपर्यंत भिजलेले होते. होडीत एक काठी पडली होती. ती कोणाची ते मी लगेच ओळखलं.

आज सकाळी ओहोटीला म्हातारी खाजणाच्या चिखलात सापडली. बुडावी म्हणून लुगड्याच्या ओच्यात मिठाची ढेकळं बांधलेली असणार. मीठ विरून गेलं होतं, गाठ तशीच होती.

ठमाबाई, ताई. तुझी सासू. नाव लिहिलं. रागवायचं तर राग.

गोविंदा

कल्याण, ता. २७ एप्रिल १८८३

चि. गोविंदास आशीर्वाद.

पत्र पोचलं. जे झालं ते देवाच्या परवानगीवाचून झालं नसेल. तू निर्मळ राहिलास, तुझ्या हाताला काही लागलं नाही, याबद्दल त्याचे आभार मान. मीही मानते.

आता त्या गावात राहू नकोस. इथं शाळेत शिपायाची जागा रिकामी आहे, मी बाईंशी बोलते. लगेच निघ.

त्या दुपारी ती तुझ्या झोपडीत कशाला आली होती, ते मात्र मला कळव.

कलावती

बाळकुम, ता. ३ मे १८८३

ताईस सलाम.

तू विचारलंस म्हणून सांगतो. सांगितल्यावर तुला झोप लागणार नाही. मलाही लागत नाही.

ठमाबाई तुझी पत्रं ऐकायला यायची. माघ महिन्यापासून येत होती. सगळे भाकरी खाऊन सावलीला पडले की माझ्या झोपडीच्या मागच्या अंगानं यायची, दाराआड बसायची आणि म्हणायची, "काय लिवलाय तिनं? वाच." तू मुलींना काय शिकवलंस, तुला खोकला झाला, तू नवी छत्री घेतलीस, सगळं तिला पाठ होतं. छत्रीचं ऐकून तर हसली होती. एकदा म्हणाली, "त्या हातावरचा डाग गेला का रं तिचे?" मी म्हटलं, नाही गेला. मग आठ दिवस आली नाही. तू तिचं नाव लिहायला मनाई केली होतीस, म्हणून मी तुला हे कधी कळवलं नाही. तिनंही सांगितलं होतं, "नको लिवू. मी आयकते यवढाच पुरे."

बाळ गेलं त्या दुपारीही ती तुझं सात तारखेचं पत्र ऐकत होती. डागाची हकीकत मी वगळून वाचली.

पण सतरा तारखेचं पत्र मी वगळून वाचलं नाही. त्यात तिच्याच जिवाचा निकाल होता, तो तिच्यापासून लपवायचा कसा? दोनदा वाचलं. तिनं काठी जवळ ओढली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तिनं सांगला तं नको लावू हात. मी तिचा कदी आयकला नाय. आता आयकते." आणि काठी टेकत गेली. ताई, मी तिच्यामागे धावलो नाही. मला वाटलं, देवानंच माझी सुटका केली.

पुढचं ऐक. फौजदार येऊन गेला. तो यायच्या आधी सगळ्या गावानं बेलभंडार उचलला. म्हातारी चिंबोऱ्या धरायला खाजणात गेली आणि पाय घसरून पडली, असं सगळ्यांनी हात पिवळे करून कबूल केलं. तुळसावहिनीनंही केलं. मला कोणी बोलावलंच नाही. मी भंडाऱ्याला हात लावत नाही हे आता गावाला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे या गावात ज्याच्या जिभेला गाठ नाही असा मी एकटाच उरलो.

फौजदाराला मी होडी आणि काठी, दोन्ही सांगितलं. बावीस तारखेला ठाण्याच्या कचेरीत जबानी आहे. या वेळी तुला विचारत नाही, नुसतं कळवतो. काल दादा एक वर्षानंतर माझ्याशी बोलला. म्हणाला, "ठाण्याला जायाचा हाय ना? माझे होडीन ये. सोडतो तुला." तो हसत नव्हता.

मी पायी जाईन. कल्याणची जागा दुसऱ्या कोणाला दे.

गोविंदा

कल्याण, ता. १४ मे १८८३

प्रिय गोविंदा,

आठवडाभर हातात लेखणी धरवली नाही. मुलींना वाटलं बाई आजारी आहेत. बरं झालं वाटलं ते.

तू मला दोषी धरलं नाहीस, म्हणून मीच सांगते. तू 'एक म्हातारी' लिहिलं होतंस आणि मला ती कोण ते पहिल्याच वाचनाला कळलं होतं. बाळाच्या मरणाचं खापर दुसऱ्या कोणावर फुटणार? बाळकुमात सुईण एकच. दादा होडीला डांबर का लावतो आहे, तेही कळलं. मी त्या गावची सून होते, पुनवेला भुताळीला होडीतून कुठं नेतात ते मलाही ठाऊक आहे. तरी 'म्हातारी कोण, मी विचारत नाही' असं लिहिलं. कोंबडं कापून गप्प बसतात असं लिहिलं. ते लिहिताना डाव्या मनगटावर पदर ओढून घेतला होता, हे मला आज आठवतं.

भंडाऱ्याला हात लावू नये, हे मी कोणालाही सांगितलं असतं. पण दुसऱ्या कोणासाठी मी पुढचा विचार केला असता. धावत ठाण्याला आले असते, मिशनच्या बाईंना घेऊन फौजदाराच्या दारात बसले असते, बैलगाडी करून म्हातारीला कल्याणला आणलं असतं. शास्त्र पुढे धरलं आणि त्याच्या आड मी लपले, गोविंदा. कल्याणात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि एक शेळी मुद्दाम कड्याकडे हाकली. सुंभ जळलं म्हणून मी पाद्रीसाहेबांना सांगून आले होते. पीळ तसाच होता.

आणि ती माझ्या छत्रीचं ऐकून हसत होती! हे कुठं ठेवू मी?

तू विचारलं होतंस, वाढ म्हणजे काय. मला ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं तुला वीस पत्रांत लिहिलं, त्याची मला लाज वाटते.

जबानीला जा. खरं तेच बोल, दादाचं नाव आलं तरी बोल. मी शाळेची नोकरी सोडली. मिशनच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली मी बाळंतपणं केलेली आहेत आणि बाळकुमात आता सुईण नाही. ज्या झोपडीतून तिनं मला काढलं, ती आता कायद्यानं माझी आहे. तिथं जाऊन राहणार आहे. नको म्हणू नकोस.

कलावती

ठाणे, ता. २९ मे १८८३

ताईस सलाम.

नको म्हणतो. तू ऐकणार नाहीस, तरी म्हणतो.

जबानी झाली. एकेक करून सगळे देवाला स्मरून बोलले आणि तीच चिंबोऱ्यांची गोष्ट सांगून गेले. माझ्या हातात शास्त्र दिलं. दादाचं नाव मी अगदी हळू घेतलं. साहेबांना ऐकू आलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा घेतलं. दादा, भिवा आणि तानाजी आता तुरुंगात आहेत, खटला वरच्या कोर्टात चालेल. दगडू भगत मोकळा आहे. तो होडीत नव्हता. तो नुसतं बोट दाखवतो.

बाहेर तुळसावहिनी उभी होती. मला वाटलं, थुंकेल. ती हळूच म्हणाली, "म्हातारीला वाचवाया तुझा हात उचलला नाय. भावाला मारावा बरी जीभ उचलली." ताई, त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजून नाही.

परतताना माजिवड्याच्या वाटेवर कोणी तरी दगड मारले. एक कानाला लागला, त्या कानानं आता कमी ऐकू येतं. पाद्रीसाहेबांनी मला मिशनच्या आवारातच ठेवून घेतलं आहे.

तू बाळकुमला जाऊ नकोस. एकटी विधवा, त्याच झोपडीत. तुला कळत नाही का गाव काय म्हणेल?

गोविंदा

बाळकुम, ता. २९ जून १८८३

प्रिय गोविंदा,

कळत होतं, म्हणून तर आले.

पहिले पंधरा दिवस कोणी तोंडाकडे बघितलं नाही. मग एका पहाटे मालनचा नवरा दाराशी येऊन नुसता उभा राहिला. त्याच्या बायकोचं मूल आडवं आलं होतं. दोघंही वाचली. त्यानंतर दोन बायका आल्या, तेलमीठ आलं. तुळसा मात्र येत नाही. मीच रोज तिच्या अंगणात भाकरी ठेवते. पहिले आठ दिवस कुत्र्यांनी खाल्ली, आता ताटली धुतलेली मिळते.

चुलीमागच्या भिंतीत मला एक चिंधी सापडली. तीत माझ्या लग्नातली चांदीची जोडवी होती. वीस वर्षं उपासतापास काढले असतील, पण सासूनं ती विकली नव्हती. पुष्कळ रडले. तुझ्याखेरीज हे कोणाला सांगणार?

आता जे लिहायला बसले ते लिहिते. पटकी परत आली आहे. सोमवारी दुपारी मालनचं तेच मूल गेलं. दगडू भगताच्या अंगात आलं. म्हणतो, सासूची विद्या सुनेकडे आली, सून त्या दुपारी मसणवटीत बसलेली दिसली. सोमवारी दुपारी मी कुठं होते ते तुला ठाऊक आहे. ठाण्याला तुझ्यापुढे बसून तुझ्या कानात तेल घालत होते. तू ओरडलास ते पाद्रीसाहेबांनीही ऐकलं. पण पाद्रीसाहेब चालत नाहीत, साक्षीला गावचाच माणूस लागतो.

महिपत पाटील स्वतः येऊन सांगून गेला. चार तारखेच्या अवसेपर्यंत मुदत आहे. म्हणाला, "गोविंदानं उचलला तं गाव मानल. सख्ख्या भावाचा नाव घेतला त्यानं. तो खोटा बोलत नाय, यवढा समजला गावाला." तो वाईट माणूस नाही, भित्रा आहे. दादाची होडी भिवाच्या भावानं घेतली आहे. कालपासून तिला डांबर लावणं चाललं आहे.

मी पळून जाणार नाही. गेले तर दगडूचं बोट खरं ठरेल आणि पुढच्या खेपेला ते दुसऱ्या बाईवर येईल. दारात आज सकाळी पिळलेलं लिंबू होतं. मी ते उचलून उकिरड्यावर टाकलं आणि मुलींना शिकवायचे ती प्रार्थना मोठ्यानं म्हटली. मला भीती वाटते, गोविंदा. या झोपडीत तिलाही वाटली असेल आणि ती एकटी होती.

तुला ये म्हणत नाही. तुझ्यावर दगड पडले आहेत, वहिनीचा शब्द पडला आहे आणि भंडाऱ्याबद्दल तुझं मन तुला काय सांगतं ते तुझ्या देवाला आणि तुला ठाऊक. चैत्रात मी तुझ्या मनाच्या आड आले होते. पुन्हा येणार नाही. हे पत्र तुला काहीच सांगत नाही, नुसतं कळवतं.

कलावती

ठाणे, ता. २ जुलै १८८३

ताई,

पत्र आज सकाळी मिळालं. ते घेऊन मी पाद्रीसाहेबांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं आणि डोळे पुसले. मग म्हणाले, मी उद्या फौजदाराला घेऊन येतो, पण तू त्या हळदीला हात लावलास तर मला तुला प्रभुभोजनाच्या मेजाशी बसवता येणार नाही. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. फौजदार बाळकुमला कधी पोचतो आणि होडी कधी निघते, हे मात्र मी एकदा पाहिलं आहे.

चैत्रात मला एवढंच दिसत होतं की हात लावायचा की नाही लावायचा. माझा हात स्वच्छ राहतो की मळतो, याचीच काळजी होती. म्हातारीचं काय होईल, हा विचार मी तुझ्यावर टाकला, तू देवावर टाकलास आणि आपण दोघं मोकळे झालो. तुळसावहिनीला द्यायला मला आता उत्तर सापडलं आहे, पण ते बोलून द्यायचं नाही.

परवा अवस. हे पत्र मिशनच्या गड्याबरोबर पुढे धाडतो आणि मागोमाग मी निघतो, पायी, बांधावरून, सगळ्यांना दिसेल असा. देवीच्या उंबऱ्याशी जाईन, भंडारा दोन्ही हातांनी उचलीन आणि सगळ्या गावासमोर सांगेन की ही हळद माझी साक्ष नाही. मी माझ्या प्रभूच्या नावानं बोलतो, आणि मूल गेलं त्या सोमवारी दुपारी कलावती माझ्यापुढे बसली होती. मानलं तर मानलं. नाही मानलं तर ज्या होडीत तुला बसवतील तिच्यात माझ्यापुरती जागा आहे.

चूल पेटवून ठेव. भूक लागली आहे.

आणि दोघं वाचलो तर येत्या रविवारी मला देवळात आत शोधू नकोस. मी दाराशी बसलेला असेन, हाताला हळद तशीच ठेवून.

गोविंदा